मद्य, देह आणि तौबा

मद्य निषिद्ध आहे, हे आपल्या घरांतील लहान मुलालाही ठाऊक असते. तो हुकूम सिद्ध करण्यासाठी हा लेख नाही. तरीही महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील आपल्या मोहल्ल्यांत असे एखादे घर असतेच, जिथे घरातील कर्त्या पुरुषाविषयी 'त्यांची तब्येत बरी नसते' एवढेच बाहेर सांगितले जाते आणि खरे कारण फक्त दाराआडच्या माणसांना माहीत असते. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसे मद्य घेतात आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना उपचाराची किंवा मदतीची गरज आहे. या आकड्यांत आपला समाज मुळीच नाही, असे मानणे ही स्वतःची फसवणूक ठरेल.

म्हणून या पाठात दोन गोष्टी समजून घ्यावयाच्या आहेत. मद्य मानवी देहात नेमके काय करते, ही पहिली. आणि ज्याला त्यातून परत यायचे आहे, त्याला तौबेबरोबर उपचार देणे हे घराचे आणि जमातीचे कर्तव्य का ठरते, ही दुसरी. पहिली गोष्ट नीट कळली, तर दुसरी आपोआप पटते.

आदेशाचे टप्पे

दिव्य कुरआनात मद्याचा विषय क्रमाने आला आहे. मक्केत अवतरलेल्या सूरह नहलमध्ये (१६:६७) खजूर आणि द्राक्षांपासून माणूस मादक पेय बनवतो आणि उत्तम अन्नही मिळवतो, असे सांगून या दोहोंना वेगवेगळे नमूद केले आहे. विचार करणाऱ्याला तेवढा इशारा पुरेसा होता. पुढे सूरह बकरामध्ये (२:२१९) मद्यात काही लाभ असले, तरी त्यातील अपराध लाभापेक्षा मोठा आहे, हे स्पष्ट करण्यात आले. त्यानंतर सूरह निसामध्ये (४:४३) नशेच्या अवस्थेत, आपण काय बोलतो हे कळेपर्यंत, नमाजजवळ जाण्यास मनाई झाली. शेवटी सूरह माइदामध्ये (५:९०-९१) मद्य आणि जुगार यांना सैतानाचे घाणेरडे काम ठरवून त्यांपासून पूर्णपणे दूर राहण्याचा आदेश आला. कारणेही तिथेच सांगितली आहेत: परस्परांत शत्रुत्व आणि द्वेष पेरला जातो आणि अल्लाहचे स्मरण व नमाज यांपासून माणूस तुटतो.

ह. अनस (रजि.) सांगतात की, ही घोषणा झाली तेव्हा ते ह. अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी मंडळींना पेय वाढत होते. हुकूम कानी पडताच ह. अबू तल्हांनी ते ओतून देण्यास सांगितले आणि मदीनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहू लागले (बुखारी). लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या दिवशी ओतले गेलेले ते पेय खजुराचे होते. म्हणूनच ह. उमर (रजि.) यांनी मिंबरवरून 'खम्र' या शब्दाची व्याख्या केली, तेव्हा फळाचे नाव घेऊन ते थांबले नाहीत, जे बुद्धीला झाकून टाकते ते खम्र, असे त्यांनी सांगितले.

कोकणातील आपण बहुतेक शाफिई मसलकाचे अनुयायी आहोत आणि या मसलकात मादक पेय कशाचेही असो, थोडे असो वा फार, हुकूम एकच आहे. ताडाची किंवा माडाची नीरा पहाटे गोड आणि हलाल असते. ऊन चढले की तीच आंबून ताडी-माडी होते. हवेतील व मडक्यातील यीस्ट हे सूक्ष्म जीव रसातील साखरेचे अल्कोहोल करतात. आदरणीय प्रेषितांसाठी (स.) खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून ठेवल्या जात, ते पाणी तिसऱ्या दिवसापर्यंतच वापरले जाई आणि उरलेले ओतून दिले जाई (मुस्लिम). आंबण्याची ही क्रिया त्या काळी कोणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली नव्हती, पण सीमा मात्र काटेकोर पाळली जात होती.

घोट पोटात गेल्यावर

अन्न पचावे लागते. अल्कोहोलला पचनाची गरज नसते. त्याचा काही भाग जठरातून आणि मोठा भाग लहान आतड्यातून थेट रक्तात शोषला जातो आणि काही मिनिटांतच मेंदूपर्यंत पोहोचतो. घाम, श्वास आणि लघवीवाटे त्यातील थोडेसेच बाहेर पडते. उरलेल्या सगळ्याचे ओझे यकृतावर येते.

यकृत त्याचे दोन पायऱ्यांत रूपांतर करते. पहिल्या पायरीत अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड हा अत्यंत दाहक पदार्थ तयार होतो. दुसऱ्या पायरीत त्याचे ॲसिटेट होते आणि पुढे पाणी व कर्बवायू. या कामाचा वेग ठरलेला असतो: तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. गार पाण्याची आंघोळ, लिंबाचा रस किंवा कोरा चहा यांनी तो वाढत नाही.

आता हिशेब करू. ४२.८ टक्के तीव्रतेच्या विदेशी मद्याच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. १८० मिलिलिटरच्या 'क्वार्टर'मध्ये ते ६० ग्रॅम होते. 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' असे म्हणणाऱ्या तरुणांनी हेही पाहावे की, आठ टक्के तीव्रतेच्या ६५० मिलिलिटर बिअरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार पेगांइतके अल्कोहोल असते. रात्री दहा वाजता क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तात पहाटेच्या अजानच्या वेळीही ते शिल्लक असू शकते. तोच माणूस चालक असेल आणि पहाटे कशेडी किंवा आंबेनळी घाटात गाडी घेऊन निघाला, तर 'रात्रीची केव्हाच उतरली' हा त्याचा समज रक्ताच्या तपासणीत खोटा ठरू शकतो. आपल्या देशात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे.

मेंदू: आधी विवेक जातो

मेंदूत उत्तेजना देणाऱ्या आणि शांत करणाऱ्या संदेशांचा तोल असतो. अल्कोहोल शांत करणाऱ्या संदेशांना बळ देते आणि उत्तेजक संदेश दाबते. सर्वांत आधी ढिला पडतो तो कपाळामागचा भाग, जो माणसाला 'हे बोलू नकोस, इथे थांब' असे सांगत असतो. म्हणून पिणाऱ्याला पहिल्या टप्प्यात मोकळे आणि धीट वाटते. वास्तविक त्याच्यात काही वाढलेले नसते. पहारेकरी झोपी गेलेला असतो. त्यानंतर तोल आणि जिभेवरचा ताबा जातो, मग स्मरण आणि अतिसेवनात शेवटी श्वास चालवणारे केंद्रही मंदावते.

सूरह निसामधील आदेश इथे पुन्हा आठवावा. आपण काय बोलतो हे ज्याला कळत नाही, त्याने नमाजला उभे राहू नये, असे सांगताना मद्य माणसातील कोणती गोष्ट आधी हिरावून घेते, त्यावरच बोट ठेवले आहे. इमाम गझाली (रह.) यांनी शरीअतचे पाच हेतू मांडले: धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि संपत्ती यांचे रक्षण. मद्य बुद्धीच्या दारातून आत येते आणि बाकीच्या चारही कोठारांना हात घालते.

दीर्घकाळ पिणाऱ्याचे जेवण तुटते आणि शरीरात बी-१ या जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता निर्माण होते. त्यातून डोळ्यांची हालचाल बिघडणे, चाल लटपटणे, गोंधळ उडणे असा गंभीर आजार होतो. वेळीच उपचार न झाल्यास नवीन काहीही लक्षात न राहण्याची अवस्था कायमची जडते.

यकृत आणि इतर अवयव

यकृताचे नुकसान तीन पायऱ्यांनी होते. प्रथम त्यात चरबी साठते. या टप्प्यावर काहीही दुखत नाही आणि मद्य पूर्ण थांबवल्यास काही आठवड्यांतच यकृत बरेचसे पूर्ववत होऊ शकते. दुसऱ्या टप्प्यात दाह होतो. कावीळ, ताप, भूक मंदावणे ही लक्षणे दिसतात. तिसऱ्या टप्प्यात यकृताच्या जिवंत पेशींची जागा घट्ट व्रण घेतात. यालाच सिरॉसिस म्हणतात. मग पोटात पाणी साठते, अन्ननलिकेतील शिरा फुगून फुटतात व रक्ताची उलटी होते, आणि न गाळलेली विषारी द्रव्ये मेंदूत जाऊन माणूस बरळू लागतो. आपल्याकडे काविळीचे निदान झाले की, झाडपाल्याच्या औषधासाठी गावोगाव फिरण्याची रीत आहे. मद्यपीच्या बाबतीत हा काळ वाया घालवणे फार महाग पडते.

स्वादुपिंडाला सूज येऊन असह्य पोटदुखी होते आणि पुढे मधुमेह जडू शकतो. रक्तदाब वाढतो, हृदयाचा स्नायू दुबळा होतो, ठोके अनियमित पडतात. गर्भवतीने घेतलेले मद्य नाळेतून थेट गर्भापर्यंत जाते आणि बाळाच्या मेंदूची वाढ कायमची बिघडवू शकते.

कर्करोगाविषयी आपल्याकडे तंबाखूचेच नाव घेतले जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच पहिल्या गटातील, म्हणजे निश्चित कर्करोगकारक पदार्थांत ठेवले आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन या अवयवांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. वर उल्लेखलेले ॲसिटाल्डिहाइड पेशीतील जनुकीय द्रव्य बिघडवते, हे त्याचे एक प्रमुख कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात २६ लाख मृत्यू मद्यामुळे झाले.

'थोडीशी' आणि 'औषधापुरती'

थोडे मद्य हृदयाला हितकर असते, ही समजूत अनेक वर्षे सुशिक्षितांत होती. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की, आरोग्याला सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही; धोका पहिल्या थेंबापासून सुरू होतो. ज्या पेयाचे अधिक प्रमाण नशा आणते, त्याचे थोडे प्रमाणही हराम आहे, असे आदरणीय प्रेषितांनी (स.) सांगितले होते (अबू दाऊद, तिर्मिजी). औषध म्हणून मद्य बनवतो असे म्हणणाऱ्या ह. तारिक बिन सुवैद (रजि.) यांना, ते औषध नसून रोग आहे, असे उत्तर मिळाले होते (मुस्लिम). आपण आज्ञा पाळतो ती अल्लाहची आज्ञा म्हणून; संशोधनाचा निष्कर्ष येण्याची वाट आपण पाहत नाही. पण तो निष्कर्ष आपल्या मुलांना सांगण्यास काहीच हरकत नाही.

हातभट्टीचा धोका तर त्याहून वेगळा. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा दारूत मिथेनॉल असते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेल्यांना हे नाव द्रावक म्हणून परिचित असेल. यकृत त्याचे फॉर्मिक आम्ल बनवते. त्याने दृष्टीची नस जळते आणि रक्त आम्लधर्मी होते. लक्षणे बारा ते चोवीस तासांनीही दिसू शकतात. पिणाऱ्याला धुके पडल्यासारखे अंधुक दिसू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे आणि लाज न बाळगता खरे कारण सांगावे.

अचानक सोडण्यातील धोका

आता या पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या दाबाला सरावतो. दाबावर मात करण्यासाठी तो उत्तेजक संदेश वाढवून ठेवतो. मद्य एकाएकी थांबले की दाब जातो, पण वाढवलेली उत्तेजना तशीच राहते. त्यामुळे पहिल्या दिवसातच हात कापणे, घाम, धडधड, उलट्या, झोप उडणे सुरू होते. साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत काहींना तीव्र भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे बोलतात, ताप चढतो, ओळख हरपते. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत मृत्यूही येतो.

आपल्याकडे नेमके काय होते? घरचे लोक त्याच्या हातात कुरआन देऊन शपथ घालतात आणि खोलीला कडी लावतात. किंवा तो स्वतःच रमजानचा मान राखून चाँदरातीला बाटली टाकतो आणि दुसऱ्या दिवशी रोजा धरतो. त्याची ही भावना अत्यंत मोलाची आहे. तिच्यात ईमानाची ठिणगी जिवंत असल्याचा पुरावा आहे. पण तिसऱ्या रोज्याला त्याला आकडी आली की घरात कुजबुज सुरू होते: जिन्नाची सावली पडली, कोणी काही केले, शपथ मोडल्याची शिक्षा मिळाली. ताविजासाठी धावाधाव होते आणि रुग्णालयाचे दार लांबच राहते.

विंचूदंशाच्या बाबतीत याच तालुक्याने एक धडा घेतला आहे. लाल विंचू चावला की मांत्रिकाकडे नेण्याची चाल इथे होती आणि माणसे दगावत. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून त्या विषाचा हृदयावरील परिणाम टिपला, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि सुमारे ४० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण जवळजवळ एका टक्क्यावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावलेल्याला आज कोणी मांत्रिकाच्या दारात ठेवत नाही. मद्याच्या विषाने थरथरणाऱ्यालाही तिथे ठेवण्याचे कारण नाही.

घराने काय करावे

सकाळी उठताच ज्याचे हात कापतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात, किंवा ज्याला पूर्वी सोडताना आकडी आली आहे, त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच मद्य सोडावे. काही दिवसांपुरती दिली जाणारी औषधे मेंदूतील उत्तेजना शांत करतात. बी-१ जीवनसत्त्व टोचून दिले जाते. ही औषधे गुंगी आणणारी असली, तरी शस्त्रक्रियेच्या भुलीप्रमाणे गरजेपुरती आणि वैद्याच्या सल्ल्याने ती घेण्यास शरीअतची आडकाठी नाही. म्हणून रमजानमध्ये सोडायचे असेल, तर तयारी शाबानमध्येच करावी. उपचार ऐन रमजानात करावा लागला आणि डॉक्टरांनी रोजा न धरण्यास सांगितले, तर आजाऱ्याला दिलेली सवलत (२:१८४-१८५) त्यालाही लागू होते. बरे झाल्यावर त्याने कजा करावी.

दुसरी सूचना आपल्या माता-भगिनींसाठी. 'चहात मिसळा, दारू सुटेल' असे सांगून विकली जाणारी औषधे गुपचूप देऊ नका. डायसल्फिराम हे औषध यकृताच्या कामाची दुसरी पायरी अडवते. ॲसिटाल्डिहाइड रक्तात तुंबते. न सांगता दिले आणि त्याने वरून मद्य घेतले, तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकते. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या निगराणीतच द्यायचे असते.

तिसरी गोष्ट नमाजची. मद्य पिणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज स्वीकारली जात नाही, या हदीसचा (तिर्मिजी, नसाई) अर्थ 'आता मशिदीत जाऊन काय उपयोग' असा अनेकजण लावतात आणि कायमचे तुटतात. विद्वानांनी स्पष्ट केले आहे की, पुण्य हुकते, पण कर्तव्य माफ होत नाही. शुद्धीवर असताना नमाज पढलीच पाहिजे. त्याच हदीसमध्ये, त्याने तौबा केली तर अल्लाह ती स्वीकारतो, हेही आहे. दार दाखवणारे वाक्य गाळून फक्त भिंत दाखवू नये.

मदत कोठे मिळेल? सुरुवात जवळच्या शासकीय रुग्णालयातून करता येते. पुढील उपचारासाठी अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. शासनाची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही सेवा आहे. व्यसन पुन्हा उसळणे हा या आजाराचा स्वभाव आहे. एकदा घसरला म्हणून उपचार फुकट गेला, असे समजू नये.

आणि जमातीसाठी एक प्रसंग. प्रेषितांच्या (स.) काळात एक सहाबी मद्यपानासाठी वारंवार पकडून आणले जात आणि त्यांना शिक्षा होई. एकदा कोणीतरी त्यांना शाप दिला. आदरणीय प्रेषितांनी (स.) त्याला रोखले आणि हा माणूस अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, अशी ग्वाही दिली (बुखारी). गुन्हा गुन्हाच राहिला, शिक्षा टळली नाही, पण माणूस बाहेर फेकला गेला नाही. आपल्याच भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, अशी शिकवणही अशाच एका प्रसंगी दिली गेली.

आपल्या शेजारच्या घरात असा कोणी असेल, तर त्याचे नाव चौकात घेऊ नका. त्याच्या पत्नीला किंवा आईला एकांतात विचारा, दवाखान्यात जायला सोबत हवी का. गाडीचे भाडे, मजुरी बुडालेल्या दिवसांचे धान्य, मुलांची फी, यांतील एखादी गोष्ट जमातीने मूकपणे उचलावी. तौबा हे त्याचे आणि अल्लाहचे काम आहे. तौबेपर्यंत तो जिवंत पोहोचावा, यासाठी हात देणे हे आपले काम आहे. अल्लाह आपल्या घरांना या विषापासून सुरक्षित ठेवो आणि परत येऊ पाहणाऱ्यांची वाट सोपी करो. आमीन.